स्त्री अभ्यास

स्त्री अभ्यास ही समाजातील स्त्री-पुरुष संबंध, श्रमविभागणी आणि सत्ता यांची चिकित्सा करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा आहे. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, साहित्य व कायदा या विषयांचा ती आधार घेते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील सॅन डिएगो स्टेट कॉलेजमध्ये १९७० साली या विषयाचा औपचारिक अभ्यासक्रम सुरू झाला. भारतात या शाखेला १९७४ च्या ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ (समानतेकडे) या शासकीय समितीच्या अहवालाने चालना दिली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मध्ये ९७२ होती, ती १९७१ मध्ये ९३० वर आल्याकडे अहवालाने लक्ष वेधले. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने या विषयाचे संशोधन केंद्र सुरू झाले.

विद्यार्थ्यांच्या दृष्टिकोनावरील परिणाम

शरीररचनेतील फरक म्हणजे लिंग आणि समाजाने त्यावर रचलेल्या अपेक्षा म्हणजे लिंगभाव, हा भेद अभ्यासाच्या आरंभीच शिकवला जातो. त्यामुळे ‘नैसर्गिक’ मानलेल्या प्रथांना इतिहास असतो, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येते.

घरकाम हे याचे ठळक उदाहरण होय. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ‘आई काही करत नाही, घरीच असते’ हे सर्रास केले जाणारे विधान या आकड्यांसमोर टिकत नाही.

‘स्त्री’ हा एकजिनसी वर्ग नाही, हेही हा अभ्यास दाखवतो. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकाआधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला होता. हे दोन्ही लेख एकत्र वाचले, की जात वगळून स्त्रीप्रश्न समजत नाही, याची जाणीव होते. पुण्यातील शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी याच दिशेने मांडणी केली.

मर्यादा

दृष्टी बदलली तरी परिस्थिती आपोआप बदलत नाही. वर्गात समतेची परिभाषा शिकलेल्या विद्यार्थिनीला घरी शिक्षण, नोकरी व विवाह यांबाबतचे निर्णय पूर्वीप्रमाणेच इतरांकडून स्वीकारावे लागू शकतात. विद्यार्थ्यांनाही स्वतःच्या सवलती तपासाव्या लागतात. हा विषय केवळ स्त्रियांसाठी आहे असे मानल्यास त्याचा निम्मा हेतू बाजूला पडतो.