निळा धूर आणि पद्मिनीचे आयुष्य

१/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. परवाना राजच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे जुने इंजिन जगवणे ही गरजच होती.

२/ झिजेची एक ठळक खूण म्हणजे सकाळी गाडी सुरू करताच उठणारा निळा धूर. व्हॉल्व्हची दांडी सतत वरखाली होऊन गाईड झिजते, उष्णतेने रबरी सील कडक होते आणि ऑइल सिलिंडरमध्ये उतरून जळते.

३/ केवळ सील बदलणे हा तात्पुरता उपाय ठरतो. सैल गाईडमध्ये डुलणारी दांडी नवे सीलही लवकर खराब करते. म्हणून हेड उतरवून जुने गाईड काढतात, नवे दाबून बसवतात, आतून रीमर फिरवतात आणि मध्य बदलल्यामुळे व्हॉल्व्हची सीटही पुन्हा कापतात.

४/ मिस्त्री इंजिनाचे वय झिजेवरून ठरवत. शासनाने ते वर्षांत मोजले. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावणे बंद झाले. हेडचे काम कितीही वेळा करता येत होते. नोंदणीची तारीख मात्र तीच राहिली.