वेणू चितळे : लंडनच्या माइकवरचा मराठी आवाज

१/ ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला, दुसऱ्या दिवशी पहाटेच राष्ट्रीय नेते गजाआड गेले. त्याच महिन्यात लंडनमध्ये, बीबीसीच्या पूर्व सेवेत, एक मराठी स्त्री हिंदुस्थानातील श्रोत्यांसाठी कार्यक्रम सिद्ध करीत होती : वेणू चितळे.

२/ जन्म १९१२, कोल्हापूर संस्थानातला. पुणे-मुंबईत शिक्षण झाल्यावर १९३०च्या दशकात त्या इंग्लंडला गेल्या आणि १९४० मध्ये बीबीसीत रुजू झाल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा मांसावर रेशन लागू झाले होते. ‘किचन फ्रंट’ या कार्यक्रमातून चितळे यांनी ब्रिटिश गृहिणींना शाकाहारी पाककृती समजावून दिल्या.

३/ ऑगस्ट १९४१ मध्ये या विभागात जॉर्ज ऑर्वेल आले. चितळे त्यांच्या सहायक झाल्या. पुढील वर्षी मराठी साप्ताहिक वार्तापत्र सुरू झाले. ऑर्वेल ते इंग्रजीत लिहीत. भाषांतर करून मराठीत वाचणाऱ्यांमध्ये चितळेही होत्या. प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरच्या हाताखालून जाई.

४/ पेच इथेच होता. बर्लिनहून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता. २७ ऑगस्टपासून मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवू लागले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. मग साम्राज्याच्या नभोवाणीवर बोलणारी मराठी स्त्री कोणत्या बाजूची?

५/ याच चितळे लंडनमधील ‘इंडिया लीग’च्या स्वातंत्र्यवादी कार्याशीही जोडलेल्या होत्या. फॅसिझमचा पराभव आणि हिंदुस्थानचे स्वातंत्र्य या दोन मागण्या त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. मात्र पहिलीच मागणी माइकवरून मोकळेपणाने मांडता येत होती. आपले काम निष्फळ आहे, असे वाटून ऑर्वेल यांनी १९४३ मध्ये बीबीसी सोडली.

६/ १९४७च्या अखेरीस चितळे मायदेशी परतल्या. विजयालक्ष्मी पंडित यांच्यासमवेत त्यांनी दिल्लीत फाळणीच्या निर्वासितांसाठी काम केले. १९५० मध्ये ‘इन ट्रान्झिट’ ही पुण्यातील एका कुटुंबावरची त्यांची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

७/ ‘व्हॉइस’ या काव्यविषयक कार्यक्रमाचे १९४२चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद यांच्या पंक्तीत चितळे बसल्या आहेत. ऑर्वेल मागे उभे आहेत. ते छायाचित्र आज ऑर्वेलसाठी पाहिले जाते. १९४२चा इतिहास मात्र मुंबई, बर्लिन आणि लंडन ही तिन्ही केंद्रे एकत्र ऐकल्याशिवाय पुरा होत नाही. आणि लंडन केंद्रावर मराठीही बोलली जात होती.