आधी विरजण, मग जनुक

दूध पिणारा प्रौढ माणूस हा सस्तन प्राण्यांमधला अपवाद आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर तान्ह्या बाळाच्या लहान आतड्यात भरपूर असते आणि अंगावरचे दूध सुटल्यावर हळूहळू आटत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांच्या बाबतीत आजही असेच घडते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की तिथले जिवाणू ती आंबवतात. मग पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. २००२ साली फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून लॅक्टेजच्या जनुकाच्या शेजारी झालेला एक अगदी लहानसा बदल हाती लागला. तो ज्यांच्यात असतो त्यांचे लॅक्टेज आयुष्यभर टिकते. तेव्हापासून एक सुटसुटीत कथा रूढ झाली आहे: बदल घडला, दूध पचू लागले, आणि त्यातून दुभत्यावर जगणारे समाज उभे राहिले. पुरावा नीट पाहिला तर ही कथा उलटी आहे, असे मला वाटते. भारतात तर दुभते आधी आले आणि ते पोटाला मानवेल असे करण्याची रीत मडक्यात घडली. शरीरातला बदल फार उशिरा आला, आणि आजही तो सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही.

वशिंडाची गाय सिंधूच्या खोऱ्यात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळली. कच्छमधल्या कोटडा भाडली या हडप्पाकालीन वस्तीतल्या खापरांत मुरलेले दुधाचे स्निग्धांश २०२० साली ओळखले गेले; ती खापरे इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपासची आहेत. म्हणजे त्या काळी तिथे दूध काढले जात होते, भांड्यात ठेवले जात होते, तापवलेही जात असावे. आता जनुकाकडे पाहू. भारतभरातून घेतलेल्या २,२८४ नमुन्यांच्या अभ्यासातून २०१२ साली असे दिसले की आपल्याकडे आढळणारा बदल जवळजवळ सर्वत्र युरोपातलाच आहे आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांमध्ये याच कामाचे वेगळे बदल स्वतंत्रपणे उपजले. इथे तसे झाले नाही. हा बदल वायव्येकडे अधिक आणि आग्नेयेकडे जावे तसा विरळ होत जातो. स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा वंशांश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान उपखंडात पसरला, असे प्राचीन डीएनए सांगतो. त्यांच्याबरोबरच हा बदल आला असेल, तर कोटडा भाडलीची माणसे त्याच्या कित्येक शतके आधी धारा काढत होती. मग त्यांनी त्या दुधाचे काय केले?

खापरातून दही आणि दूध वेगळे ओळखता येत नाही, पण पुढच्या काळातला सगळा व्यवहार एकाच दिशेने बोट दाखवतो. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आम्लात बदलतात. शिवाय ते जिवंतपणी पोटात गेले तर उरलेली साखर फोडायला त्यांचेच विकर कामी येते. ताकात पाणी घातले की साखर आणखी विरळ होते, आणि कढवलेल्या तुपात ती जवळपास उरतच नाही. वैदिक यज्ञांत आमिक्षा, म्हणजे तापल्या दुधात आंबट दही घालून फाडलेला चोथा, हे हवनद्रव्य होते. चरकसंहितेत ग्रहणीसारख्या पोटाच्या विकारांवर तक्राला मानाचे स्थान आहे. महाराष्ट्रात तर घरच्या दुभत्याची वाटचाल ठरलेलीच होती: धार काढायची, दूध तापवायचे, विरजायचे, पहाटे घुसळायचे, लोणी कढवायचे. तूप महिनोन् महिने टिकते, म्हणून ते बाजाराला जाई. ताक टिकत नाही, म्हणून ते वाडीत वाटले जाई. ताकाला जाऊन भांडे लपवू नये ही म्हण अशा व्यवहारातूनच आली असणार. दुसऱ्याच्या दारी ताक मागायला जाणे इतके रोजचे होते की त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याच्या ताटातही दुभते पोचत होते, ते या रूपात.

यावर कोणी म्हणेल की लोक दूध विरजत ते नासू नये म्हणून. पचनाचा त्यात काय संबंध? हेतू तोच होता, हे मान्य आहे. देशावरच्या उन्हाळ्यात दूध काही तासांत नासते. पण रीत एका कारणासाठी रुजते आणि दुसरे कामही चोख करते. लॅक्टोजचा पत्ता कुणालाही नसताना या रितीने ते पोटाआड येऊ दिले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. विरजण पुरेसे होते, तर हा बदल काही ठिकाणी इतका झपाट्याने का पसरला? युरोपचे उत्तर बोलके आहे. ५५४ स्थळांवरच्या १३ हजारांहून अधिक खापरांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. तिथे हजारो वर्षे दूध वापरात होते, तरी हा बदल इसवी सनापूर्वी १००० च्या आसपासपर्यंत दुर्मिळच राहिला. उत्तर जर्मनीतल्या टोलेन्झे इथे इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास लढून मेलेल्यांपैकी फार थोड्यांत तो सापडतो. दूध किती प्याले जाई याच्याशी त्याच्या वाढीचा मेळ बसत नाही. दुष्काळ आणि रोगराईशी अधिक बसतो. एरवी पोटदुखीवर निभावणारा माणूस उपासमारीत अतिसाराने दगावतो, आणि निवड होते ती अशा वेळी. मंगोलियात पाच हजार वर्षांपूर्वीच्या दातांवरच्या किटणात दुधाची प्रथिने मिळाली आहेत. तिथे आजही हा बदल अत्यल्प आहे, आणि लोक घोडीचे दूध आंबवून, दह्याचे गोळे वाळवून खुशाल जगतात.

प्राचीन ग्रंथांत दुधाची थोरवी आहेच, पण ती बरीचशी गोधनवाल्यांनी रचलेली आहे. पेलाभर दूध हा घरोघरचा नेम होण्यासाठी आधी दूध न नासता शहरात पोचायला हवे होते, आणि ते विसाव्या शतकात घडले. मुंबईसाठी आणंदहून आगगाडीने दूध येऊ लागले, १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ उभा राहिला, १९४९ मध्ये शहरातल्या म्हशी हलवण्यासाठी आरे वसाहत सुरू झाली, १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना आली. १९५०-५१ मध्ये देशात दर माणशी दिवसाला सुमारे १३० ग्रॅम दूध उपलब्ध होते. २०२३-२४ मध्ये ते ४७१ ग्रॅम झाले. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणाऱ्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र त्याबरोबर आलेला, प्रत्येकाने दूध प्यायलाच हवे हा आग्रह जुन्या परंपरेच्या नावावर खपवला जातो, ते बरोबर नाही. ज्या भागांत हा बदल विरळ आहे तिथेही बहुतेकांना एखादा पेला त्रास देत नाही. ज्यांना देतो त्यांच्या शरीरात काही बिघडलेले नसते. ते बहुसंख्य मानवजातीसारखेच वागत असते, आणि त्यांच्यासाठी दही-ताक पूर्वीइतकेच कामाचे आहे.