कंधारच्या खंदकाचे कूळ

सेनगावहून हिंगोली, नांदेड मागे टाकून दक्षिणेला उतरले की मन्याडच्या खोऱ्यात कंधारचा भुईकोट लागतो. दुहेरी तट आणि भोवती रुंद, पाण्याचा खंदक. हा खंदक सहसा तोफांच्या काळाच्या, म्हणजे बहमनी आणि नंतरच्या शाह्यांच्या खाती मांडला जातो. मला ते पटत नाही. त्याचे कूळ त्याहून सुमारे चारशे वर्षे मागे जाते आणि ते तलावाचे कूळ आहे.

आधार आहे तो राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या (939 ते 967) काळातल्या कंधारच्या शिलालेखाचा. त्यात जगत्तुंगसमुद्र नावाचा तलाव येतो. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यातले नाव, आणि पठारावरच्या तळ्याला समुद्र म्हणण्याची ऐटही त्या नावात आहे. खंदक खणायला मजूर पुरतात. तो वैशाखात भरलेला ठेवायला आवक, सांडवा, पाळ आणि गाळ यांचे ज्ञान लागते, आणि ते ज्ञान या गावात तट उभे राहण्याआधीच नांदत होते.

तटासाठी दगड काढला, त्याचाच खड्डा खंदक झाला, असे काहीजण म्हणतील. खड्ड्यापुरते ते खरे असेल. पाण्याचा उलगडा त्यातून होत नाही. देवगिरीला कातळ उभा तासून खंदक केला, तिथे खोलीच शत्रूला अडवते. कंधारच्या सपाटीवर ते काम पाण्यानेच करायचे होते. तोफांचा मुद्दा त्याहून लंगडा आहे, कारण गोळा खंदकावरून सहज जातो. पाणी अडवते ते शिडीवाल्याला आणि सुरुंग खणणाऱ्याला. 1631 मध्ये शाहजहानचा सरदार नसीरी खान याने निजामशाहीकडून कंधार घेतले ते सुरुंग लावूनच, आणि त्यासाठी त्याला काही महिने झुंजावे लागले. त्या वेढ्याचे पयागने रंगवलेले चित्र शाहजहानच्या दरबारी इतिहासात, बादशहानाम्यात, आहे.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे: आज दिसणारे तट सुलतानी काळातले, मग खंदक राष्ट्रकूटांचा कसा? तट त्यांचे, हे मान्यच. माझा दावा विद्येपुरता आहे. राज्यकर्ते बदलले, कमानी आणि दरवाजे नव्या धाटणीचे झाले. पाळीची आणि सांडव्याची जाण मात्र इथल्याच माणसांकडे राहिली असणार. नळदुर्ग पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तिथे बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केला. किल्ल्याचा सारा डौल अडवलेल्या पाण्यावर उभा, तोही तोफांच्या ऐन काळात. कंधारच्या खंदकाचा तळ एकदा शास्त्रशुद्ध उकरला, तर सर्वांत खालच्या थरात जुन्या पाटाचे दगड मिळतील अशी माझी खात्री आहे. ते मिळाले नाहीत, तर बहमनींचा पक्ष बळकट होईल.