भांड्यावरचं नाव

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि मग आहेराचा विषय निघाला. गटातल्या एकीच्या लेकीचं लग्न ठरलंय, गटातर्फे काय द्यायचं? कुणी म्हणालं साडी, कुणी म्हणालं भिंतीवरचं घड्याळ. गटात वयाने सगळ्यात मोठ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "भांडं द्या, आणि त्याच्यावर पोरीचं नाव घालून द्या." तरण्या मुली हसल्या. आता कोण नाव घालतं भांड्यावर! मी हसले नाही, कारण मला आमच्या आजीचा हंडा आठवला.

तांब्याचा हंडा, आजीच्या माहेरचा. त्याच्या गळ्याखाली टाकीने ठोकलेलं एक नाव. मी पाचवीत असताना ते वाचलं आणि विचारलं, ही बाई कोण? आजी म्हणाली, "मीच की." लग्नात तिचं आडनाव बदललं तसं पाळण्यातलं नावही बदललं होतं. सासरी ते जुनं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. रेशनकार्डावर नव्हतं, मतदार यादीत नव्हतं. फक्त हंड्यावर राहिलं होतं. ते नाव इथे सांगत नाही, घरातच राहू दे.

नाव घालण्याची रीत मुळात मात्र अगदी व्यवहाराची. पूर्वी लग्नाला मंडपवाला भांडी आणत नव्हता. घराघरातून पातेली, पराती, घागरी गोळा व्हायच्या आणि जेवणावळ उठली की कुणाचं काय ते ओळखायचं कसं? म्हणून नाव. बऱ्याच भांड्यांवर घरधन्याचंच नाव असायचं, किंवा देणाऱ्या मामाचं मोठं आणि मुलीचं बारीक. तरी मुलीच्या आहेराच्या भांड्यावर तिचं नाव येई, आणि ज्या काळात बाईचं नाव कुठल्याच कागदावर येत नव्हतं त्या काळात ही काही लहान गोष्ट नव्हती.

ती भांडी होतीही तशीच टिकाऊ. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, नाशिक, भंडारा ही आपल्याकडची तांब्या-पितळेची नावाजलेली ठिकाणं. तांबटाच्या भांड्यावर ओळीने बारीक ठोके दिसतात, ते आपल्याला नक्षी वाटतात. नक्षी आहेच, पण त्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, भांडं चेपत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणून आतून कल्हई. कल्हईवाला भाता लावून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथिलाची कांडी फिरवून कापसाने पुसून घ्यायचा आणि काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं त्या धुरातच उभी असायचो, खोकत.

आणखी एक गोष्ट. तांब्या-पितळेला मोड होती. अडीअडचणीला घागर गहाण पडायची, हंडा मोडीत जायचा आणि औषधाचे, बियाण्याचे पैसे उभे राहायचे. बँकेची पायरी ज्यांनी पाहिली नव्हती त्या बायांची बचत अशी मांडणीवर ओळीने लावलेली असायची. आपण आज पासबुकात लिहितो, त्या फडताळात ठेवत होत्या.

पण हे सगळ्यांच्या नशिबात नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या जातिव्यवस्थेवरच्या भाषणात गुजरातमधल्या झानू गावची हकीकत आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या काही अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. घरची परिस्थिती बरी होती, भांडी स्वतःच्या पैशाची होती. तरी सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायांना मारहाण केली. घागर डोक्यावर घेण्यासाठी मार खाल्लेल्या बाया आहेत या देशात. म्हणून जुन्या भांड्यांचं कौतुक करताना मी जरा जपूनच करते.

पुढे ॲल्युमिनियम आलं, आपण ज्याला जर्मन म्हणतो ते. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत अल्फ्रेड चॅटरटन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली. हलकं, स्वस्त, कल्हई नको. नंतर स्टील. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावी हॅरी ब्रेअरली हा माणूस बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता, त्यात त्याला क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद सापडलं. बंदुकीसाठी शोधलेली वस्तू शेवटी आपल्या डब्या-ताटल्यांच्या कामी आली! बोहारीण दारात आली की जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा मिळू लागला आणि आपल्या आयांनी पितळ घासण्याच्या जाचातून सुटका करून घेतली. त्यांनी हंडे मोडीत घातले म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. चिंच आणि राखेने हात कुणाचे सोलत होते?

आता मुद्द्याचं. आहेरात आलेलं भांडं कुणाचं? जुन्या धर्मशास्त्रातही लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं ते स्त्रीधन असं सांगितलंय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईकडे असलेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. हा कायदा बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन सासरच्यांकडे ठेवलं तरी ते तिचंच, मागितलं की परत द्यायचं.

कायदा असा आहे, पण मागायच्या वेळी काय होतं? माझ्या नात्यातली एक बाई लग्नानंतर सहा वर्षांनी माहेरी परत आली. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली. सासरचे म्हणाले, "तुझं काय आहे ते घेऊन जा." ओसरीवर भांडी मांडली. नाव असलेली अकरा भांडी निमूटपणे तिच्या बाजूला सरकली. गळ्यातली सर आणि कानातली फुलं मात्र "आमच्याकडचीच होती" झाली, कारण सोन्यावर नाव नव्हतं आणि यादी कुणी केली नव्हती. ती अकरा भांडी घेऊन टेंपोत बसली. मी तेव्हा बारावीला होते, भांड्यांवरची नावं वाचत मीच ती चढवली.

यादी करायची असते हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ पासून नियम आहे: लग्नातल्या भेटींची लेखी यादी करायची. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, कुणी दिली, त्याचं नातं काय. खाली नवरी आणि नवरा दोघांची सही. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीनेच जवळ ठेवायची. मागून घेतलेला हुंडा हा गुन्हाच आहे, यादीत लिहिला म्हणून तो भेट होत नाही. पण आत्याने, मावशीने, गटाने मनापासून दिलेली वस्तू कागदावर आलीच पाहिजे.

शेवटी आम्ही जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्यायचं ठरवलं. तालुक्याच्या बाजारात तिघी गेलो. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, "चिकटत नाही, म्हणजे असली माल." पण कमी निकेलचं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा एवढ्यावर भुलू नका. हातात घेऊन वजन बघा, काठ वळवलेला आहे का ते बोट फिरवून बघा, सपाट फरशीवर ठेवून बूड डुगडुगतं का बघा, कानाचे रिबिट हलवून बघा. काकूंनी चार पातेली परत ठेवायला लावली, पाचवं घेतलं. दुकानदार वैतागला होता.

नाव घालायचं मशीन तिथेच होतं. माणसाने विचारलं, "सासरचं नाव काय घालू?" आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि मुलीलाच फोन लावला. ती म्हणाली, "नुसतं माझं घाला, आडनाव नको. आणि खाली आईचं." तसं घातलं. बिल गटाच्या वहीत चिकटवलं, आणि यादीचा कोरा कागद नवरीच्या आईकडे दिलाय. पहिली ओळ आम्हीच लिहून ठेवली आहे.