बिंदुविद्युत उद्दीपन, वृद्धांच्या शस्त्रक्रियेतील

अ‍ॅक्युपंक्चरच्या ठरावीक बिंदूंवर सुई न टोचता, त्वचेला चिकट पट्ट्या लावून सौम्य विद्युतस्पंद देण्याची पद्धत. वेदना आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांसाठी ती आधीपासून वापरात आहे. वयस्क रुग्णाला भूल दिल्यावर रक्तदाब घसरतो, ती घसरण तिने कमी करता येईल का, याचा शोध अलीकडे मुख्यतः चीनमधील रुग्णालयांत घेतला जात आहे.

भूल दिल्यावर रक्तदाब थोडा उतरतो, तो कोणत्याही वयात. तरुणाच्या शरीरात मानेतल्या व महाधमनीच्या कमानीतल्या दाबसंवेदकांना ही घट लगेच कळते. मग हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब सावरतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसात ही प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली असते. धमन्या ताठर झालेल्या असतात, आणि हृदयाचा डावा कप्पा सैल पडायला वेळ घेत असल्याने शिरांतून परत येणाऱ्या रक्तावर तो फार अवलंबून असतो. त्यात आदल्या रात्रीपासूनचा उपास, अंगातले कमी झालेले पाणी आणि वर्षानुवर्षे चालू असलेल्या बीपीच्या गोळ्या. अशा वेळी प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाची नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते. कमरेतून भूल दिल्यास अनुकंपी चेतातंतू बधिर होतात, पायांतल्या वाहिन्या सैलावतात आणि रक्त तिथेच साचते.

सरासरी धमनीदाब ६५ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जाऊ न देणे, हा सध्याचा सर्वसाधारण दंडक आहे. दाब जितका खाली जातो आणि जितका वेळ तिथे राहतो, तितका मूत्रपिंड व हृदयस्नायूंच्या इजेशी त्याचा संबंध मोठ्या निरीक्षणांत दिसला आहे. कायम उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धाला ६५ सुद्धा अपुरा पडू शकतो. त्याचा नेहमीचा आकडा ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे. नेहमीचा उपचार म्हणजे भुलीची मात्रा कमी करणे, गरजेपुरते सलाइन आणि दाब वाढवणारे औषध: फिनायलेफ्रिन, नॉरएड्रेनालिन किंवा आपल्याकडे फार वापरले जाणारे मेफेंटरमिन. वृद्धाच्या ताठर हृदयाला सलाइनचा मारा सोसत नाही आणि औषधाने दाब एकदम उसळू शकतो. औषध कमी लागेल अशा पूरक उपायाची ओढ इथूनच येते.

या कामी सर्वाधिक वापरला जाणारा बिंदू नेइग्वान. तो मनगटाच्या सुरकुतीपासून रुग्णाच्याच तीन बोटांच्या रुंदीइतका वर, दोन कंडरांच्या मधोमध असतो. त्याच्याखालून मीडियन चेता जाते. दुसरा त्सूसानली, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. पट्ट्या बहुधा भुलीच्या सुमारे अर्धा तास आधी लावतात, कारण प्रवाह किती वाढवायचा हे जाग्या रुग्णालाच विचारावे लागते: झिणझिण्या जाणवाव्यात, दुखू नये.

या तंत्राचा पाया बीजिंगचे शरीरक्रियातज्ज्ञ हान जीशेंग यांच्या कामात आहे. १९६५ पासून त्यांनी अ‍ॅक्युपंक्चरच्या वेदनाशमनाचा शोध घेतला. उद्दीपन दिलेल्या सशाच्या मेंदूतला द्रव दुसऱ्या सशाला दिल्यावर त्याचीही वेदना सोसण्याची क्षमता वाढली. म्हणजे मेंदूत काही रसायने सुटत होती. पुढे दिसले, की सेकंदाला २ स्पंद दिल्यास मुख्यतः एन्केफॅलिन व एंडॉर्फिन आणि १०० स्पंद दिल्यास डायनॉर्फिन सुटते. आजच्या यंत्रांतला २ आणि १०० यांचा आलटूनपालटून येणारा क्रम यातूनच आला.

रक्तदाबाचे गणित वेगळे आहे. कॅलिफोर्नियात जॉन लाँगहर्स्ट यांच्या गटाने प्राण्यांवर दाखवले, की मनगटाजवळच्या बिंदूंतून जाणारा संदेश लंबमज्जेतील दाबनियंत्रक केंद्रांपर्यंत पोहोचतो. प्रतिक्षिप्त क्रियेने चढवलेला दाब त्याने कमी चढतो, आणि व्हेगस चेतेच्या प्रतिक्रियेने पाडलेला कमी पडतो. दोन्ही दिशांनी सावरण्याचा हा गुण मला या विषयातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो, कारण दाब वाढवणारी औषधे एकाच दिशेने ढकलतात.

माणसांवरचा पुरावा अजून पातळ आहे. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी सिझेरियनसाठी कमरेतून भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये नेइग्वान व त्याच्या वरच्या बिंदूला उद्दीपन दिले, तेव्हा दाबाची घसरण सौम्य राहिली. पण ती चाचणी लहान होती आणि गर्भवती तरुणीचे शरीर व ऐंशीच्या आजोबांचे शरीर यांत फार अंतर आहे. वृद्धांवरील चाचण्यांत रक्तदाब अधिक स्थिर राहिल्याचे व औषध कमी लागल्याचे अहवाल आहेत. मात्र बहुतेक चाचण्या एकाच रुग्णालयातल्या आहेत; बिंदू, वारंवारता आणि ‘कमी दाबा’ची व्याख्या सगळीकडे सारखी नाही. झिणझिण्या येतात की नाही यावरून जाग्या रुग्णाला आपला गट ओळखता येतो, हीही अडचण. आकडा सुधारल्याने मूत्रपिंड किंवा हृदय वाचले, असे ठामपणे दाखवणारा पुरावा हवा आहे. तोवर या पद्धतीला पूरक उपायच म्हणावे लागेल. रक्तस्राव किंवा अ‍ॅलर्जीने दाब कोसळत असताना पट्ट्यांवर भिस्त ठेवणे घातक आहे. तिथे कारण शोधून तत्काळ उपचार करणे हाच मार्ग.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर असल्यास हे उद्दीपन टाळतात, आणि वृद्धांत अशी यंत्रे वारंवार आढळतात. स्पंदांमुळे ईसीजीच्या रेषेत गडबड दिसू शकते, म्हणून शंका आल्यास यंत्र क्षणभर बंद करून पाहावे. डायथर्मी (विजेने ऊती कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे उपकरण) चालू असताना तिच्या मार्गात पट्ट्या नसाव्यात. ज्या हाताला बीपीचा पट्टा आहे तो शक्यतो वगळावा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते. पट्टी ओढून न काढता ओली करून हळूहळू सोडवावी लागते.