टॉर्क आणि टकळी

आमच्या येझदीचं इंजिन गेल्या उन्हाळ्यात बांधायला टाकलं. ‘बांधायला’ हा गॅरेजचा शब्द. तिथे इंजिन खोलतात आणि बांधतात. दुरुस्ती पंक्चरची होते. घर बांधावं, बंधारा बांधावा, बंदिश बांधावी, त्याच ओळीत इंजिन. पिस्टन, रिंगा, क्रँक, बेअरिंग हे सगळं जुन्या बनियनवर मांडलेलं असतं तेव्हा तो नुसता लोखंडाचा पसारा दिसतो, आणि चार दिवसांनी त्याचाच ठोका ऐकू येतो. अशा कामाला दुरुस्ती म्हणणं मला तरी कमीपणाचं वाटतं.

बांधणारा मिस्त्री. हा शब्द पोर्तुगिजांनी आणला. त्यांच्या ‘मेस्त्रे’चा मूळपुरुष लॅटिनमधला ‘मॅजिस्टर’. तोच मॅजिस्टर इंग्रजीच्या वाटेनं आला आणि शाळेत मास्तर झाला. मी निवृत्त मास्तर, समोर ग्रीसने माखलेला मिस्त्री. दोघं एकाच आजोबाचे नातू. त्यातला माझ्यापेक्षा हुशार कोण, हे त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं. येझदीत गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच असतो. तो त्याने फिरवला, पायाने दोनदा दाबला, हाताचा तळवा सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि म्हणाला, ‘दम नाही राह्यला जी हिच्यात.’

हा ‘दम’ फारसी आहे आणि त्याचा पहिला अर्थ श्वास. दम लागणं, दम खाणं, दमा, ही सगळी श्वासाचीच घराणी. संस्कृतातही एक ‘दम’ आहे, शम-दमातला, पण तो निग्रहाचा. मराठीत दोघे एकाच आडनावाने राहतात आणि ‘दम धर’ म्हणताना नेमका कोण बोलतोय, श्वास की निग्रह, हे सांगणं अवघड जातं. गाडीतला दम मात्र निखळ फारसी, आणि मिस्त्रीने तो अक्षरशः वापरला होता. पेट्रोल जाळायला हवा लागते. जेवढी हवा आत ओढता येईल आणि जळलेली बाहेर टाकता येईल, तेवढीच इंजिनची ताकद. येझदी दोन फटक्यांची, म्हणजे टू-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असतं आणि ते जळून सायलेन्सरात काजळी धरते. ‘कोंदलं जी हे,’ म्हणत त्याने आतली नळी ओढून काढली. भोकं बुजून ती जळक्या कणसासारखी दिसत होती. मग गॅरेजमागे विस्तव करून ती नळी त्यात टाकली. याला ‘सायलेन्सर जाळणं’ म्हणतात. काळा धूर संपेपर्यंत आम्ही चहा घेतला. जगभरचे इंजिनवाले ज्याला इंजिनाचं श्वसन म्हणतात आणि ज्यासाठी सिलिंडरच्या खिडक्या घासण्यात महिने घालवतात, ते सगळं ‘दम’ या दोन अक्षरांत आधीच होतं.

इंजिन बांधायचं निमित्त सांगायचं राहिलं. आमच्यात जुन्या गाड्यांचे चार-पाच हौशी आहेत. कुणाची जावा, कुणाची राजदूत, एकाची आरडी. यंदा पैज अशी लागली की पुण्याला न्यायचं, गाड्या डायनोच्या रोलरवर चढवायच्या आणि कुणाची किती भरते ते बघायचं. ‘भरते’ हेही आमचंच क्रियापद. कापूस काट्यावर भरतो तशी गाडी रोलरवर. अमेरिकेत अशा स्पर्धा मोठ्या थाटात होतात. 2002 साली सुरू झालेल्या ‘इंजिन मास्टर्स चॅलेंज’मध्ये सगळ्यात वरचा आकडा विचारात घेत नसत. ठरलेल्या फेऱ्यांच्या टप्प्यातली टॉर्क आणि हॉर्सपॉवर यांची सरासरी काढून तिला इंजिनाच्या आकारमानाने भागत. हा हिशोब मला फार आवडला. क्षणभर फुगून दाखवणाऱ्याला तिथे किंमत नव्हती.

या हॉर्सपॉवरचं मराठी अश्वशक्ती. शब्द चोख बांधलेला आहे, तरी शेतात तो कुणाच्या तोंडी नाही. विहिरीवर ‘पाचची मोटर’ असते किंवा ‘साडेसातची’. घोडा तिथे कधी पोचलाच नाही. जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिनं घोड्यांनी काम चालवणाऱ्यांना विकायची होती, म्हणून त्याने घोड्याचं माप ठरवलं: सेकंदाला 550 पौंड वजन एक फूट वर. तो आमच्या आर्वी-कारंजाकडे जन्मला असता तर गवळाऊ बैल जुंपून त्याने मोट ओढायला लावली असती आणि आपण बैलशक्ती शिकलो असतो. मोट गेली आणि तिच्या जागी मोटर आली, तेव्हा म्हाताऱ्यांना वाटलं की नावाला एक ‘र’ तेवढा लागला. नातं काहीच नाही. मोटर लॅटिनमधल्या ‘हलवणे’पासून आलेली. योगायोग मात्र असा की नवा शब्द शिकायचे कष्ट पडले नाहीत.

आता डायनो. पूर्ण नाव डायनॅमोमीटर, त्यात ग्रीक ‘डायनॅमिस’, म्हणजे शक्ती. सायकलचा डायनामो आणि नोबेलचा डायनामाइट याच कुळातले. पण नावात शक्ती असली तरी हे यंत्र शक्ती थेट मोजत नाही. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्यांना रोप ब्रेक आठवेल: फिरत्या चाकाभोवती दोरखंड, एका टोकाला वजन, दुसऱ्याला स्प्रिंगचा काटा, आणि घर्षणाने चाक तापू नये म्हणून पाणी. प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1821 मध्ये लाकडी ठोकळ्यांनी चाक आवळून हेच केलं होतं. म्हणजे चाक फिरतंय त्याला अडवायचं आणि ते किती जोराने अडवणाऱ्याला पिरगाळतं ते बघायचं. मोजला जातो तो पिरगाळा, टॉर्क. त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणलं की अश्वशक्ती कागदावर उतरते. घोडा हा गुणाकार आहे, खरा हाती लागतो तो पीळ.

पीळ हाच शब्द हवा. टॉर्क लॅटिन ‘टॉर्क्वेरे’वरून, अर्थ पिळणे. पीळ घातलेल्या काथ्याची मशाल ती टॉर्च, माणसाला पिळणं ते टॉर्चर. आरडीवाल्यांना हा शब्द पाठच असतो, कारण त्यांची गाडी, म्हणजे राजदूत 350, दोन प्रकारांत निघाली, ‘हाय टॉर्क’ आणि ‘लो टॉर्क’, आणि आपली एचटी आहे हे सांगितल्याशिवाय त्यांचा चहा संपत नाही.

पण हे कोशात बघताना मी थांबलो ते पुढच्या नोंदीवर. टॉर्क्वेरेचा संस्कृतातला भाऊ ‘तर्कु’. तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. त्याच्या लेकरांत हिंदीतला तकला, तकली आणि आपली टकळी. वर्ध्याच्या माणसाला हे वाचून कसं वाटेल? 1937 च्या ऑक्टोबरात इथेच शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने हातकामातून शिक्षणाची योजना आखली, आणि पोरांच्या हाती पाटीसोबत टकळी आली. त्याआधी, 1929 मध्ये, चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अटी बघा: आठ तासांत 16,000 फूट सूत, 12 ते 20 नंबरचं, किंमत 150 रुपयांच्या आत, 20 वर्षं चालला पाहिजे, आणि बाईला आठ तास फिरवून थकवा येता कामा नये. यंत्र बांधा, आणून दाखवा, आम्ही मोजतो! माझ्या मते ही आपली पहिली डायनो स्पर्धा. किर्लोस्करवाडीहूनही चरखा गेला होता. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मगनवाडीच्या संग्रहालयात जुने चरखे बघताना मला हल्ली त्यांच्यावर टॉर्कचा आकडा लिहावासा वाटतो.

कुटुंब इथेच थांबत नाही. ट्यूनिंगमधला ‘ट्यून’ ग्रीक ‘टोनोस’पासून, ताणलेली तार. त्याच मुळाचं संस्कृत रूप तन्, त्यातून तान, तंतू आणि तंत्र. म्हणजे मिस्त्री पॉइंटची फट पट्टीने जुळवतो आणि गवई तानपुरा लावतो, तेव्हा दोघंही एकाच सुताला ओढतायत. जुन्या गाड्यांना लावतात त्या ‘व्हिंटेज’ची मात्र फजिती. तो द्राक्षांच्या तोडणीचा शब्द. आमच्याकडे वेचणी कापसाची. सीतादहीला, म्हणजे वेचणीआधीच्या पूजेला, पहिलं बोंड फुटलं म्हणून कुणी गाडीला ‘वेचणीची’ म्हणणार नाही. ‘जुनी’ पुरे.

टॉर्क आणि टकळीची गोष्ट मी मिस्त्रीला सांगितली. तो मॅग्नेटोचं चाक बोटांनी मागेपुढे करत टायमिंग लावत होता. ‘माही आजी फिरवे टकळी,’ तो म्हणाला, आणि अंगठा-तर्जनीने हवेत एक झटका दिला. मग तोच झटका चाकाला. पॉइंट उघडल्याचा बारीक ‘टक्’ आवाज आला. ‘तुमची टकळी बंद झाली का सर? ऐकू द्या मले.’ मी गप्प बसलो.

पुण्याहून परतल्यावर त्याने विचारलं, ‘किती भरली?’

‘साडेनऊ. मागच्या चाकावर.’

‘साडेनऊ काय?’

‘अश्वशक्ती.’

तो जरा वेळ हात पुसत राहिला. ‘ते असू द्या जी. सत्याग्रही घाट डबलसीट चढते का नाही?’